खर्ज मोकळा ठेवायचा

मुलुंडमधल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये बेस गिटार घेऊन येणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते : "काका, बँडमध्ये माझा बेस ऐकूच येत नाही." घरी एकट्यानं वाजवताना भरदार वाटणारा आवाज ड्रम आणि गिटार सुरू झाले की त्यात बुडून जातो. मग वादक ट्रेबल वाढवतो, ओव्हरड्राइव्ह लावतो. आवाजाला धार येते, बेस ऐकू येतो, पण खालचा दम जातो. गाणाऱ्याला आधार मिळत नाही, ड्रमरच्या किकला जोड मिळत नाही. धार हवी तर दम जातो आणि दम हवा तर धार जाते, या ओढाताणीत बरेच चांगले वादक पेडलमागून पेडल विकत घेत राहतात.

बेसला दोन पिकअप, म्हणजे तारेचं कंपन टिपणारी चुंबकी वेटोळी, असतील तर यावर जुना आणि खात्रीचा उपाय आहे. दोन्ही पिकअपचे सिग्नल गिटारमध्येच एकत्र न करता वेगवेगळे बाहेर काढायचे. एकाला एक वाट, दुसऱ्याला दुसरी. प्रत्येक वाटेवर तिचे इफेक्ट, तिचा अँप्लिफायर. मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या वादकांसाठी हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालं आहे : खालचा सूर सगळ्या बँडचा असतो, वरचा रंग वादकाचा स्वतःचा. वादकाला हवे ते प्रयोग त्यानं वरच्या रंगावर करावेत, खर्जाला मात्र हात लावू नये. वायरिंगपासून स्टेजपर्यंतचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून ठरतो.

एकाच तारेखाली बसवलेले दोन पिकअप इतके वेगळे का वाजतात, हे आधी समजून घ्यायला हवं. नेहमीच्या बेसची तार 34 इंचांची, म्हणजे सुमारे 864 मिलिमीटर. दोन पिकअपच्या प्रचलित रचनेत गळ्याकडचा पिकअप ब्रिजपासून साधारण सहा इंचांवर असतो आणि ब्रिजकडचा साधारण अडीच इंचांवर. मोकळ्या तारेचा मूळ सूर तारेच्या मध्यावर सर्वांत जास्त हलतो आणि ब्रिजकडे येईल तसा आक्रसत जातो. हिशेब मांडला तर गळ्याकडच्या पिकअपला हा मूळ सूर ब्रिजकडच्याच्या दुपटीहून जास्त मिळतो. चौथा हार्मोनिक मात्र दोघांनाही जवळजवळ सारखाच मिळतो. म्हणजे ब्रिजचा पिकअप 'पातळ' वाजतो तो निकृष्ट असतो म्हणून नव्हे. त्याच्या वाट्याला मूळ सूर कमी येतो, त्यामुळे उपस्वर पुढे येतात. तानपुऱ्यावर वाढलेल्या कानाला हे चटकन पटतं. खर्जाची तार घुमते आणि जवारी तिच्यातून उपस्वरांची झळाळी काढते. तार तीच, पण काम दोन. बेसवरचे दोन पिकअप ही दोन कामं आपल्याला आयती वेगळी करून देतात. नेहमीचं वायरिंग ती पुन्हा एकत्र करून टाकतं.

ही कल्पना आजची नाही. फेंडरनं 1960 मध्ये जॅझ बेस काढला तेव्हा त्यावर दोन पिकअप होते आणि सुरुवातीच्या नगांवर प्रत्येक पिकअपला स्वतःचा व्हॉल्यूम आणि स्वतःचा टोन होता, एकावर एक बसवलेल्या बटणांचा. बाहेर पडणारी केबल मात्र एकच. रिकनबॅकरच्या 4001 या मॉडेलवर 'रिक-ओ-साउंड' नावाचा स्टीरिओ जॅक आला आणि दोन पिकअप दोन अँपना देण्याची सोय कारखान्यातूनच मिळू लागली. अमेरिकन वादक बिली शीहान यानं आपल्या फेंडर प्रिसिजन बेसवर गळ्याजवळ गिब्सनचा जाड आवाजाचा पिकअप बसवला आणि दोन वेगळे जॅक काढले. गळ्याचा स्वच्छ खर्ज एका अँपला, मधल्या पिकअपची खरखरीत धार दुसऱ्याला. पुढे यामाहानं त्याच्यासाठी 'अ‍ॅटिट्यूड' हा बेस बनवला, त्यातही दोन आउटपुट ठेवले. शीहानसारखे वादक बहुतेक वेळा एकाच गिटारवाल्याबरोबर वाजवत. सोलो सुरू झाला की मागची सगळी जागा बेसलाच भरायची असे. गरज तिथून आली.

आपल्याकडे बेसची घडण वेगळ्या जागी झाली. मुंबईच्या फिल्म स्टुडिओंमध्ये बेस वाजवणाऱ्यांना मोठ्या वाद्यमेळात बसून एक नेमकी, स्वच्छ ओळ द्यायची असे. टोनी वाझ, चरणजीत सिंग यांची पिढी याच शिस्तीतली. चरणजीत सिंगांनी पुढे 1982 मध्ये रोलँडच्या टीबी-303 या बेसच्या यंत्रावर आणि इतर सिंथेसायझरवर दहा रागांची रेकॉर्ड केली आणि ती कित्येक वर्षांनी जगभर गाजली. स्टुडिओतल्या त्या परंपरेचा संस्कार मला फार मोलाचा वाटतो. पन्नास वाद्यांत बसूनही बेस कळतो, कारण त्याच्या खर्जावर कसलाही मळ नसतो. आज उपनगरांतल्या गाळ्यांमध्ये सराव करणाऱ्या तीन-चार जणांच्या बँडना ती स्वच्छताही हवी असते आणि शीहानची धारही. दोन वाटा केल्या तर दोन्ही मिळतात.

आता प्रत्यक्ष काम. घाटकोपरचा एक वादक अलीकडे जॅझ बेस घेऊन आला होता. त्याचा तीन जणांचा बँड अंधेरीत सराव करतो आणि नवरात्रात तो दांडियाच्या ग्रुपबरोबर वाजवतो. त्याची पहिली अट होती, "काका, लाकडाला भोक पाडायचं नाही." मला ही अट आवडते. आज केलेला बदल उद्या कुणालाही पूर्ववत करता आला पाहिजे.

धातूच्या पट्टीचे स्क्रू काढून पट्टी उलटली की तीन पॉट आणि एक जॅक समोर येतात. गळ्याचा व्हॉल्यूम, ब्रिजचा व्हॉल्यूम आणि दोघांत एक टोन. दोन्ही व्हॉल्यूममधून निघणाऱ्या वायरी जिथे एकत्र येऊन जॅकच्या टोकाला जातात, ती जागा आपली. मी साधा जॅक काढून स्टीरिओ जॅक लावतो, म्हणजे टोक, मधलं कडं आणि ग्राउंड अशा तीन जागा मिळतात. टोनच्या जागी पुश-पुल पॉट बसवतो. त्याचं बटण खाली दाबलेलं असताना ब्रिजची वायर जॅकच्या टोकाला जोडलेली राहते, म्हणजे बेस जसा होता तसाच वाजतो. बटण वर ओढलं की तीच वायर टोकावरून सुटून मधल्या कड्याला जाते आणि दोन पिकअप वेगळे होतात. टोनचा कॅपॅसिटर टोकालाच लावलेला असल्यामुळे एकत्र असताना टोन दोघांवर चालतो, वेगळे झाल्यावर फक्त गळ्यावर. ते आपल्याला हवंच असतं. खर्जाची वाट गोलसर करता येते आणि धारेच्या वाटेचा टोन पुढे पेडलवर ठरवता येतो.

या रचनेत आणखी एक फायदा आहे. कार्यक्रमाच्या गडबडीत कुणी साधी मोनो केबल लावली तरी बेस मुका होत नाही. बटण खाली असेल तर पूर्ण आवाज येतो. वर असेल तर मोनो पिनमुळे मधलं कडं ग्राउंडला चिकटतं, ब्रिज गप्प होतो, पण गळ्याचा पिकअप वाजत राहतो. स्टेजवर वापरायच्या वस्तूचं वायरिंग असंच हवं. काही चुकलं तरी तिनं खर्ज सोडता कामा नये.

डाग देण्यापूर्वी मी नेहमी दोन्ही पिकअप एकत्र आणि एकेक करून ऐकवतो, कारण वेगळे केल्यावर हमचा, म्हणजे विजेच्या घुमणाऱ्या आवाजाचा, प्रश्न येतो आणि तो वादकाला आधी माहीत असायला हवा. जॅझ बेसचे दोन पिकअप एकमेकांच्या उलट गुंडाळलेले असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात. दोघांचा व्हॉल्यूम सारखा असला की तारेचा आवाज बेरजेत येतो आणि बाहेरून शिरलेला हम वजा होतो. वाटा वेगळ्या केल्या की ही वजाबाकी संपते. त्यातून एका वाटेवर ओव्हरड्राइव्ह असेल तर त्या बाजूचा हम कित्येक पटींनी मोठा होऊन बाहेर येतो. आपल्या विजेचा हम 50 हर्ट्झचा, आणि बेसच्या ई तारेवर तिसऱ्या पट्टीचा जी वाजतो 49 हर्ट्झला. हम नेमका खर्जाच्या घरात शिरून बसतो.

आतून तांब्याची फॉइल लावली की ट्यूबलाइट आणि डिमरची करकर बरीच कमी होते. ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून येणारा हम मात्र फॉइलला जुमानत नाही. त्यासाठी आत दुहेरी वेटोळं असलेले, स्वतःचा हम स्वतःच मारणारे पिकअप घ्यावे लागतात. ते बाहेरून जॅझ बेसच्या पिकअपसारखेच दिसतात आणि त्याच खाचेत बसतात. घाटकोपरच्या वादकानं आधी फॉइलवर भागवलं. पैसे साठले की पिकअप बदलू, असं आमचं ठरलं. हा क्रम योग्यच आहे. एकदम सगळं बदललं तर कुठल्या बदलानं काय झालं हे कानाला कळत नाही.

बेसमधून निघणारी केबल दोन गाभ्यांची, वर जाळीचं आवरण असलेली. ती आखूड ठेवायची, कारण पिकअपचा सिग्नल नाजूक असतो आणि लांब केबलमध्ये एका गाभ्यातली झळाळी दुसऱ्यात झिरपते. पायाशी छोटी डबी ठेवायची, तिथून वाटा फुटतात.

गळ्याच्या वाटेवर मी फार काही ठेवू देत नाही. हलकासा कॉम्प्रेसर, मग अँप किंवा सिग्नल थेट मिक्सरला देणारा डीआय बॉक्स. बस. ब्रिजच्या वाटेवर वादकानं मोकळेपणानं खेळावं : ओव्हरड्राइव्ह, कोरस, डिले, काय हवं ते. फक्त ओव्हरड्राइव्हच्या आधी साधारण 120 ते 150 हर्ट्झच्या खालचं काढून टाकणारा फिल्टर हवाच. कारण ओव्हरड्राइव्हमध्ये गेलेले दोन सूर आपापले राहत नाहीत, त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही नवे सूर म्हणून बाहेर येतात. मोकळा ई 41.2 हर्ट्झचा आणि त्याचा पंचम बी 61.7 हर्ट्झचा. दोन्ही एकदम ओव्हरड्राइव्हमध्ये घातले की साडेवीस हर्ट्झचा तिसराच सूर तयार होतो. तो गाण्याच्या कामाचा नसतो, पण स्पीकरचा कोन मात्र जोरात आत-बाहेर हलवतो, आणि सगळा आवाज गढूळ होतो. खर्ज आधी बाजूला काढून उरलेल्या भागाला ओव्हरड्राइव्ह दिला की तोच पेडल स्वच्छ आणि धारदार वाजू लागतो. पेडलला नावं ठेवणाऱ्या कितीतरी जणांचं समाधान एवढ्या एका फिल्टरनं झालेलं मी पाहिलं आहे.

वाटा वेगळ्या करणं हे अर्ध्याहून कमी काम आहे. खरं कौशल्य त्या हवेत पुन्हा जुळवण्यात लागतं. काही पेडल सिग्नल उलटा करून पुढे देतात. एका अँपचा स्पीकर पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो आणि दोन अँप लावूनही आवाज एकापेक्षा बारीक येतो. याची परीक्षा सोपी आहे. दोन्ही अँप शेजारी ठेवायचे, तिसऱ्या पट्टीचा जी सलग वाजवायचा आणि एका वाटेचं फेजचं बटण दाबून पाहायचं. बटणाच्या ज्या स्थितीत सूर पोटात जाणवेल ती बरोबर. अंधेरीच्या सराव-खोलीत घाटकोपरच्या त्या वादकाच्या ओव्हरड्राइव्ह पेडलनं हेच केलं होतं. बटण दाबल्याबरोबर ड्रमरनं वाजवणं थांबवून वर पाहिलं. मला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही.

दुसरी अडचण वेळेची. डिजिटल मल्टी-इफेक्ट सिग्नलवर प्रक्रिया करायला काही मिलिसेकंद घेतो. साध्या वाटेचा आवाज आधी येतो, डिजिटल वाटेचा थोडा मागून. उशीर तीन मिलिसेकंदांचा असेल तर 167 हर्ट्झच्या आसपास दोन वाटा एकमेकींना खातात, आणि बेसचा गाभा त्याच पट्ट्यात असतो. आवाज हवेत एक मीटर जायला जवळपास तेवढाच वेळ घेतो, त्यामुळे एक अँप दुसऱ्याच्या मीटरभर मागे ठेवला तरी तोच परिणाम होतो. म्हणून मी सांगतो : दोन्ही अँपची तोंडं एका रेषेत ठेवा, आणि डिजिटल पेडल एकाच वाटेवर असेल तर तिथला फिल्टर थोडा आणखी वर न्या. दोन वाटांच्या हद्दी जितक्या कमी एकमेकींवर येतील तितकं भांडण कमी.

आता ज्या गोष्टीबद्दल मी कुणाचीही भीड ठेवत नाही ती. दोन अँप दोन वेगळ्या सॉकेटवर लावले आणि बेसच्या केबलनं जोडले की दोघांच्या अर्थिंगमधून एक फेरा तयार होतो आणि जाड हम सुरू होतो. मग मंडपात कुणीतरी सुचवतं, "एका अँपची अर्थिंगची पिन काढून टाका, हम जाईल." हम जातो हे खरं. पण त्या क्षणापासून अँपमध्ये काही बिघाड झाला तर 230 व्होल्टना जमिनीत जायची वाट बंद होते, आणि उरलेली वाट बेसच्या तारांमधून वादकाच्या हातात आणि तिथून माइकला टेकलेल्या ओठांत जाते. 1972 मध्ये वेल्समधल्या स्वान्झी इथे 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून स्टेजवरच गेला. आपल्याकडे भाद्रपदातल्या ओल्या मंडपात, चिखलात पडलेल्या एक्स्टेंशन बोर्डवर वाजवणारी मुलं आपल्याच घरातली असतात. अर्थिंगची पिन कधीही काढायची नाही. हमचा फेरा तोडायचा असेल तर एका सिग्नलच्या वाटेवर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावायचा. लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून अशी डबी बनते, ती केबलमधला धातूचा दुवा तोडते आणि आवाज चुंबकीय मार्गानं पुढे जातो. शक्यतो दोन्ही अँप एकाच बोर्डवर, आणि त्या बोर्डला गळती होताच वीज तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी. माझ्याकडून दोन वाटांचा बेस नेणाऱ्या प्रत्येकाला ही डबी मी बरोबर घ्यायला लावतो.

कार्यक्रमाच्या जागी सगळं आपल्या मनासारखं नसतं. बोरिवलीच्या दांडियात मैदान भरलेलं असतं, खालचे सूर सबवूफरमधून एकत्रच जातात, आणि साउंडवाल्याकडे बेससाठी ठरलेलं एकच चॅनल असतं. घाटकोपरच्या वादकाबरोबर मी साउंडचेकला गेलो होतो.

"दादा, बेसच्या दोन लाईन आहेत," त्यानं सांगितलं.

"दोन कशाला? एकच दे, जास्त पसारा नको."

"पहिली खर्जाची आहे, ती तुमची. दुसरी नुसती धार आहे. ती बंद ठेवा, नंतर हळूहळू वर घ्या. नाही आवडली तर बंदच राहू द्या."

साउंडवाल्यानं आधी पहिली लाईन उघडली, ढोलाबरोबर बसवली, मग दुसरी थोडी वर घेतली. चार आवर्तनं झाल्यावर तो म्हणाला, "हे बरं आहे की. पब्लिकचा आवाज वाढला तर मी धार वाढवीन, खालचं हलवायला नको." दोन वाटांचा सर्वांत मोठा फायदा त्यानं एका वाक्यात सांगितला. रात्री दहाची मर्यादा असो वा सवलतीच्या दिवसांतले बारा, आवाजावर बंधन असतंच, आणि असायलाही हवं. भोवती इमारती आहेत, त्यांत आजारी माणसं आणि लहान मुलं आहेत. खालचा सूर भिंतींना न जुमानता दूर जातो. अशा वेळी बेस ऐकू यावा म्हणून खर्ज रेटण्याऐवजी धार थोडी वाढवली की मैदानात ओळ स्पष्ट कळते आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरत नाहीत.

दोन अँप घेऊन लोकलनं फिरायचं कसं, हा प्रश्न मला दर दुसरा वादक विचारतो. तसं फिरायची गरजच नसते. दोन चॅनलचा डीआय बॉक्स बॅगेत मावतो. बेस पाठीला, पेडल आणि डबी हातात, घाटकोपरहून मेट्रोनं अंधेरी. स्टेजवर असेल तो अँप खर्जाला द्यायचा, धार मॉनिटरमधून ऐकायची. पंधरा इंची आणि दहा इंची स्पीकरांची वेगळी जोडी मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी तत्त्व तेच राहतं.

हे काम प्रत्येकानं करून घ्यावं असं मी म्हणत नाही. बँडमध्ये दोन गिटार आणि कीबोर्ड असतील तर बेसच्या धारेला जागाच नसते. तिथे एक पिकअप, एक केबल आणि चांगला हात पुरतो. अशा माणसाला मी पैसे न घेता परत पाठवतो आणि तारा बदलायला सांगतो. पण तिघांच्या बँडमध्ये, एका गिटारीच्या मागे उरलेली सगळी जागा सांभाळणाऱ्या वादकाला दोन वाटा मिळाल्या की त्याचं वाजवणंच बदलतं. ऐकू येण्यासाठी जोर लावायचा थांबला की तो ड्रमरकडे लक्ष देऊ लागतो, सूर कुठे सोडायचा ते ऐकू लागतो. हा बदल मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे, आणि त्यासाठीच हे काम मला प्रिय आहे.

बेस परत देताना एक परीक्षा मी प्रत्येकाकडून करून घेतो. दोन्ही वाटा एकाच लहान मोनो स्पीकरवर एकत्र करायच्या आणि धारेचा आवाज शून्यावरून हळूहळू वर आणायचा. कुठल्याही टप्प्यावर खर्ज आधीपेक्षा कमी झाला, तर जुळणी अजून झालेली नाही. फेज पाहायची, फिल्टर पाहायचा, पुन्हा ऐकायचं. धार कितीही वाढवली तरी खर्ज जागचा हलत नसेल, तर तो बेस कुठल्याही हॉलमध्ये, कुठल्याही साउंडवाल्याच्या हाती निर्धास्त देता येतो. मगच मी पट्टीचे स्क्रू शेवटचे आवळतो.